बाबांच्या पेटीचं कुलूप

साऱ्या वस्तीची कुलपं उघडून देणाऱ्या माणसाच्या थोरल्या मुलाला घरच्या पेटीचं कुलूप उघडता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने जिवापाड लपवली होती.

कुलूप बाबांनीच घडवलेलं. "किल्ली अर्धी फिरव, थांब, मागे घे, मग पुढे. चुकलास तर खटका कायमचा बसेल," असं त्यांनी एकदा समजावलं होतं. मृत्युपत्र त्याच पेटीत आहे आणि त्याप्रमाणे सगळं करायची जबाबदारी तुझी, हेही तेव्हाच सांगितलं. थोरल्याने मोबाईलमध्ये घातलेलं डोकं वर न काढता "हो हो, कळलं" म्हणून टाकलं.

बाबा गेल्यावर धाकट्याने सगळ्यांदेखत विचारलं, "मृत्युपत्र आहे का रे?" कुलूपवाल्याच्या पोराला कुलूप येत नाही म्हणून हसं होईल, या भीतीने थोरला बोलून गेला, "पेटीत पाहिलं मी. नाहीये." पुढे बघू गुपचूप, असं मनाशी ठरवलं. पण दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलवायची लाज आणि खटका बसायची धास्ती, त्यामुळे पेटीला त्याने बोटही लावलं नाही.

दोघा भावांची बिऱ्हाडं वेगळी, त्यामुळे धाकट्याने बाबांचं घर भाड्याने द्यायचं काढलं. आईमागे या दोघांना वाढवणारी, त्याच घरात राहणारी आत्या चकार शब्द न काढता मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून राहू लागली. थोरल्याला घास गोड लागेना. भाडेकरू यायच्या आदल्या दिवशी तो तिला घेऊन आला आणि पेटीपुढे उभा राहून रडकुंडीला आला.

"आत्या, मी खोटं बोललो. पेटी उघडलीच नाही मी. मला हे कुलूप येत नाही."

आत्या खाली बसली. तिने कुलूप नुसतं ओढलं. ते हातात आलं.

"दादा म्हणाला होता, पोराचं लक्ष नव्हतं, त्याला काही जमायचं नाही. म्हणून नुसतं अडकवून ठेवलं त्याने."

कागद सगळ्यात वरच होता. आत्या असेपर्यंत घर तिच्या ताब्यात, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. थोरल्याला मान वर करवेना.

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"तू पाहिलंस म्हणालास ना! मी कशाला शंका घेऊ?" आत्याने पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, दादाला माझ्यासाठी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. इतके दिवस त्याच्यावरच रुसून बसले होते रे मी."