अर्ध्या घोड्याची खाच

म्हाताऱ्याला सगळा बाजार ‘पाणीवाले’ म्हणायचा. पोलाद लालभडक तापवून बुडवायचं आणि कडक करायचं, याला पाणी देणं म्हणतात. ते त्याच्यासारखं कुणाला जमत नाही असं लोक म्हणायचे, आणि लोकांपेक्षा जास्त तो स्वतःच म्हणायचा. बंदुका दुरुस्त करायच्या त्याच्या दुकानात कानस कुणीही मारावी, पाणी मात्र त्यानंच द्यायचं. पोटच्या पोरालाही त्यानं कधी भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्यात तोंडाचा पट्टा अखंड चालू. डावखुऱ्या पोराला तर तो उठता-बसता वेंधळा म्हणायचा.

तो वेंधळा तापाच्या दुखण्यानं गेला, त्याला सहा वर्षं झाली. आता त्याच्या जागी सून बसते. म्हाताऱ्याची नजर अधू झालीये, तो सांगतो आणि ती लिहून घेते.

त्या दिवशी सकाळी तपासाचे साहेब लाखेनं बंद केलेली पिशवी घेऊन आले. पिशवीत जुन्या चकमकीच्या बंदुकीचा चाप होता. म्हणजे ठिणगी पाडणारा घोडा, कमान आणि आतलं खाचांचं चाक, सगळं एका लोखंडी पट्टीवर बसवलेलं. बंदूक नाटक कंपनीची. महिन्यापूर्वी कंपनीच्या सामानवाल्यानं ती भरली, घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला आणि नटीच्या हातात देता देता ती उडाली. गोळी नव्हती, नुसती दारू आणि कागदाचा बोळा. पण नळीचं तोंड गळ्याशी होतं. पोरगी जागच्या जागी गेली. एकोणीस वर्षांची होती हो!

“सामानवाला म्हणतो, मी दाबायच्या कळीला बोटसुद्धा लावलं नाही,” साहेब म्हणाले. “आणि सगळे सांगतात, अर्ध्या घोड्यावर बंदूक उडत नाही. चाप मुळात कुठला, किती जुना, नंतर कुणी त्याला हात लावलाय का, तेवढं सांगा. जसाच्या तसा जुना आणि धडधाकट निघाला, तर तो खोटं बोलतोय. मग तो काही सुटत नाही.”

साहेबांच्या मागोमाग त्या सामानवाल्याची बायको आली होती. सुनेनं आत बोलावलं, पण ती पायरीवरच बसून राहिली.

म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं. पट्टीवर कोरलेलं नाव पुसट झालं होतं. “समुद्रापलीकडचा. फौजेच्या कारखान्यातला,” तो म्हणाला. “दोनशे वर्षं झाली असतील. घोडा अस्सल, कमानही अस्सल. लिही गं.” मग त्यानं आतले स्क्रू काढायला घेतले. पहिला निघाला, दुसरा निघाला, आणि त्याचा हात थबकला.

चाप खोलताना कुठला स्क्रू कुठल्या भोकातला ते कळावं म्हणून कारागीर डोक्याच्या कडेला कानशीनं ओरखडे काढतात. एक, दोन, तीन. सगळं जग पुढून मोजतं. या दुकानात मागून मोजायचे, म्हाताऱ्याच्या आजापासूनची रीत. हे ओरखडे मागून मोजलेले होते, आणि तिरके. डावखुऱ्या हाताचे.

सुनेनंही पाहिलं. तिची पेन्सिल कागदावर टेकून राहिली. ज्या कानशीनं ते काढले, ती तिच्या पुढ्यातच पडली होती.

म्हाताऱ्यानं आतलं चाक बाहेर काढलं. अर्ध्या घोड्याची खाच, जी घोड्याला अर्ध्यावर अडकवून ठेवते, ती उजेडात धरली. नव्यानं कोरलेली, पण कड झिजून गोल झालेली. सवयीनं त्यानं तिच्यावर कानस टेकवली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथं ती कचकन रुतली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“थांबा जरा.”

सून खुर्ची ओढून जवळ आली. “बाबा, ह्यांच्या हातचं आहे ना?” ती हळूच म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज धड होता. “लिहिते मी तसं. ते गेले, त्यांना आता कोण काय करणार? बाहेर बसलीये तिचा नवरा तरी सुटेल.”

किती सोपं होतं! सामानवाला सुटला असता, दुकान राहिलं असतं, म्हाताऱ्याचं नावही राहिलं असतं. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडलं की तो काही उठून भांडत नाही. म्हाताऱ्याला मोह झाला, खोटं कशाला सांगा.

पण त्याला ती दुपार आठवली. नाटकवाले दारात खोळंबले होते. पोरानं खाच कोरून चाक भट्टीशेजारी ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं घाईघाईत चाप जुळवला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. तेवढ्यात पोरगा म्हणाला, “बाबा, पाणी दिलंत ना?” चार माणसांत म्हातारा कडाडला, “मला विचारतोस? माझा बाप लागून गेलास काय?” पोरगा मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. पुन्हा जन्मात त्यानं काही विचारलं नाही.

त्या दिवशी भट्टी पेटलीच नव्हती.

“तसं लिहू नकोस,” म्हातारा सुनेला म्हणाला. “साहेब, चाप परदेशी, पण ही खाच या दुकानातली. माझ्या मुलानं कोरली आणि चोख कोरली. पाणी द्यायचं काम माझं होतं. मी दिलं नाही, म्हणून खाच मऊ राहिली आणि झिजली. कळीला हात न लावता घोडा सुटला असणार. तिच्या नवऱ्याला सोडा.”

साहेब लिहू लागले. सून तोंडाला पदर लावून बसली होती.

“आणि मुलानं मला विचारलं होतं,” म्हातारा म्हणाला. “पाणी दिलंत का म्हणून. त्यानं विचारलं होतं.”

“तेही लिहायचं?”

“तेच आधी लिहा.”