भावाचा कॅमेरा, बहिणीचा स्कोअर

पार्लरच्या मालकिणीचं कायमचं लेकाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा दुकान घेतेस का म्हणून तिने आधी ताईलाच विचारलं. ताई लग्नाआधीपासून तिच्या हाताखाली होती. निम्म्या गिऱ्हाइकांना तर ताईशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही.

ताईने आयुष्यात कर्ज घेतलं नव्हतं. फ्रिजसुद्धा पैसे साठवून रोखीने आणला होता. त्यामुळे दुकानासाठी कर्ज मागायला बँकेत ती ताठ मानेने गेली.

"तुमचा क्रेडिट स्कोअरच नाहीये," कर्जाचं बघणारा अधिकारी म्हणाला.

"म्हणजे वाईट आहे?"

"वाईट नाही, नाहीच. घेतलेले पैसे तुम्ही वेळेवर फेडता की नाही, हे आम्हाला कशावरून कळणार?"

"अहो, मी कुणाचं काही बुडवलं नाहीये!"

"घेतलंच नाही, तर बुडवणार काय?"

ताईला हसावं की रडावं कळेना. मार्गही त्यानेच सांगितला. थोडी मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर छोटं क्रेडिट कार्ड घ्यायचं, घरचं सामान त्यावर आणायचं आणि बिल तारखेच्या आत पूर्ण भरायचं. "आणि कार्डावर खर्चाची मर्यादा आहे म्हणून ती सगळी वापरू नका. वर्षभराने या."

"थांबते मी," मालकीण म्हणाली. "लेक काही पळून जात नाही."

ताई कार्डावर साबण, तेल, सासूबाईंची औषधं आणू लागली. बिल आलं की त्याच दिवशी भरायची. "बँक काय तुझी दुसरी सासू आहे?" नवरा चिडवायचा. काही महिन्यांनी फोनवर स्कोअर दिसायला लागला, आणि तो चांगला होता.

मग धाकटा भाऊ आला. तो लग्नांचे फोटो काढायचा, आणि कॅमेरा ऐन हंगामात बंद पडला होता.

"ताई, तुझ्या कार्डावर नवीन घेऊ? बिलाच्या आत पैसे देतो. आईशप्पथ."

त्याला कडेवर घेऊन फिरली होती ती. नाही म्हणायला जीभ रेटेना. कार्ड काठोकाठ भरलं.

तारीख जवळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "पार्टीने अजून दिले नाहीत गं. परवा नक्की." परवाचा आठवडा झाला, पुढे तो फोनच उचलेना. ताईजवळची शिल्लक ठेवीत अडकलेली. तारीख उलटून गेली.

बँकेचा फोन आला तेव्हा ती एका बाईच्या केसांना रंग लावत होती. हात बरबटलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर चालू केला. "तुमची थकबाकी" हे शब्द दुकानभर ऐकू गेले. रंगवाल्या बाईने आरशातून नजर वळवली.

काम संपवून ताई थेट भावाच्या घरी गेली.

"पैसे?"

"नाहीयेत गं. लेन्स घेतली, त्यात गेले."

"लेन्सला होते?"

त्याने लेन्सची डबी मागे सरकवली.

"कॅमेरा दे."

"ताई, उद्या काम आहे माझं!"

"मलाही आहे."

भाऊ जागचा हलला नाही. भावजयीनेच आतून बॅग आणून ताईच्या हातात दिली. तो बायकोकडे बघतच राहिला.

ताईने मालकिणीकडून पगाराची उचल घेऊन बिल भरलं. त्याच आठवड्यात भावाने लेन्स विकली, पैसे ताईच्या टेबलावर ठेवले आणि कॅमेरा घेऊन गेला. घरी येणंही त्याने बंद केलं.

स्कोअर मात्र धाडकन खाली आला होता.

"एका चुकीने एवढा?" तिने अधिकाऱ्याला विचारलं.

"तुमचा इतिहासच एवढासा. त्यात तारीख चुकली आणि कार्डही पूर्ण भरलेलं."

ताई पुन्हा साबण-तेलावर आली. स्कोअर हळूहळू चढला, पण वर्ष भरलं तेव्हा बँकेने मागितलेल्यापैकी निम्मंच कर्ज दिलं. मालकिणीलाही आणखी थांबणं शक्य नव्हतं. तिने मागची खोली शेजारच्या शिंप्याला विकली आणि पुढची, दोन खुर्च्यांसकट, ताईला दिली. ताई त्या दिवशी थोडी रडली. दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडलं.

पहिला हप्ता गेला त्या रविवारी भाऊ दारात उभा राहिला.

"चुकलं माझं. ताई, पुढच्या वेळी मी..."

"पुढची वेळ नाहीये," ताई म्हणाली. "हात धू, जेवायला बस."

तो जेवला. जाताना भांडीही घासून गेला.