पाकीट कुणाच्या हाती?

संक्रांतीनंतरच्या रविवारी तळवलीच्या शेवंताबाई भाकऱ्या उरकून आपल्या भाडेकरणीला, मेमचाला, जुईनगरच्या एका सोसायटीत घेऊन आल्या. मणिपूरच्या हिंसाचारात मेमचाचं घर जळलं, नवरा गोळी लागून गेला. लहानगी लेक अजून तिकडच्या छावणीत होती. तिला आणायचं तर आजचे पैसे हवेच होते.

विस्थापितांसाठी इथल्या महिला मंडळाने वर्गणी काढली होती. ती हळदीकुंकवातच वाटायची, असं अध्यक्षा सुचित्राताईंनी ठरवलं. एका खर्चात दोन पुण्यं!

मेमचाचं नाव पुकारलं. ती उठली, तशी शेवंताबाईंनी सवयीने तिची ओढणी ओढली.

"बस गो बाय. आपुन नवरा गेलेल्या बाया, आपलं पुढं काय काम?"

"मावशींचं बरोबर आहे," सुचित्राताई माईकवर गोड हसल्या. "सवाष्णींचा कार्यक्रम आहे, प्लीज गैरसमज नको. यांचे दीर आलेत ना? पैशांचं पाकीट त्यांच्याकडे देऊ. सेफ राहतील."

कळंबोलीच्या ट्रक अड्ड्यावर काम करणारा दीर ऐटीत पुढे झाला. एका संस्थेची आधीची मदत त्यानेच दारूत घातली होती. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

'मावशींचं बरोबर आहे.' शेवंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी मुंबईसाठी गावच्या जमिनी सरकारने घेतल्या, तेव्हा त्यांच्या मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याचे पैसेही असेच त्यांच्या दिराने उचलले होते. त्या तेव्हाही मागेच बसल्या होत्या. आणि आज त्यांनी स्वतःच्या हाताने या पोरीला मागे खेचलं होतं!

त्या तरातरा पुढे गेल्या आणि मेमचाच्या दिराच्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं.

"कोनाचा नवरा मेला? हिचा. कोनाची पोर छावणीत हाय? हिची. मंग पैसं याच्या हातात कशाला?"

"मावशी, तिथे कुंकवाचं ताट आहे, जरा लांबून..." सुचित्राताई मध्ये पडल्या.

"आमची सावली पडली तर पुसंल, येवढं कच्चं कुंकू हाय का गो तुमचं?"

दीर मान खाली घालून सटकला. शेवंताबाईंनी पाकीट मेमचाच्या हातात कोंबलं आणि तिला घेऊन बाहेर पडल्या.

जिन्यात मेमचाने विचारलं, "मावशी, बच्ची आएगी ना?"

"येल गो. आन् पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या अंगणात. पहिला मान तुझा."

वर हॉलमध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला होता. दाराशी, चपलांजवळ, नवरा गेलेल्या अजून दोन बायका बसून होत्या. त्यांना उठून आत या, असं कुणीही म्हटलं नाही. तुम्ही तिथे असतात, तर म्हटलं असतंत?