विहाराचा राखणदार

नेरूळला नवी घरं उठत होती, त्या साली तळोज्याच्या कंपनीतले एक साहेब बदलीवर निघाले आणि आपला टाशी नावाचा ल्हासा आप्सो कुत्रा त्यांनी हाताखालच्या सितारामच्या गळ्यात मारला. सितारामची बायको भिमाबाई दारातच कडाडली, "हे केसांचं गाठोडं घरात नको!"

सितारामने साहेबांकडून ऐकलेलं सगळं ओतलं. "अगं, ही तिबेटातली जुनी जात हाय. बुद्धविहाराच्या दाराशी बसायची. डोळ्यांवर केस, पन कान इतका तिखट, की परका मानूस आला की भुंकून विहार डोक्यावर घेनार."

भिमाबाई विरघळली. "मग आपल्यातलाच की!" म्हणत तिने टाशीसाठी बुद्धांच्या तसबिरीखाली चटई टाकली आणि स्वतःच्या हाताने भात भरवला.

आठवड्याभरात टाशीने तिला धनीण मानलं, फक्त तिलाच. सिताराम पाळीवरून परतला, तर पठ्ठ्या उंबऱ्यावर उभा राहून असा भुंकला, की शेजारचा झहूर धावत आला.

"भिमे, सांग त्याला, मी नवरा हाय!"

"सांगितलं हो," आतून भिमाबाई म्हणाली, "पन त्याला पटत नाय."

त्या दिवशी सिताराम झहूरकडेच जेवला.