उजव्या स्केटचं दुखणं

कप्तानाने उजवा स्केट मांडीवर उलटा धरला आणि मागच्या चाकाच्या बोल्टात किल्ली घातली. बोल्ट हलेना. तिने खांदा लावून जोर केला, तेव्हा कुठे तो करकरत जरासा सुटला.

"इतकं कोणी आवळतं का, बाई," ती स्वतःशीच पुटपुटली.

खरं तर हे तिचं काम नव्हतं. रोलर हॉकीच्या संघातल्या सगळ्या स्केट्सची देखभाल फिरकी करायची, आणि फिरकी आज दाढ काढायला गेली होती. नेमकं आजच मागचं चाक कट्-कट् वाजायला लागलं. पाच वाजता सर घड्याळ लावून फेऱ्यांची वेळ घेणार होते आणि त्यावरून नवा संघ ठरणार होता. साहित्याच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कप्तानाच्या पिशवीत एक पत्र होतं. 'गुडघ्याच्या कारणास्तव मी संघातून निवृत्त होत आहे.' आजची वेळ नेहमीसारखीच रडतखडत आली, तर ते सरांच्या हातात द्यायचं आणि निघायचं, असं तिने ठरवलं होतं.

सहा महिने तिचा उजवा पाय तिच्याशी वैर धरून होता. दुसऱ्या फेरीतच मांडी भरून यायची, वळणावर पाय मागे राहायचा, संध्याकाळी गुडघा टम्म फुगायचा. डॉक्टर झाले, पट्टा झाला, मालीश झाली. एक्स-रेमध्ये काही सापडेना. परवापरवा हॉकीची स्टिक धरायला शिकलेल्या पोरी बाजूने सुर्रकन निघून जायच्या आणि ही आपली गाडा ओढल्यासारखी मागून.

"पायाचं काही खरं नसतं, कप्तान," फिरकी म्हणायची. "माझ्याकडे बघ. लोकांनी उतरवायच्या आत आपण उतरावं. मानाने." पत्राचा मजकूरही तिनेच सांगितला होता.

फिरकीला हे म्हणायचा अधिकार होता. दोघी चौदा वर्षं एका संघात खेळल्या. जागच्या जागी गर्रकन वळून समोरचीला भलतीकडे पाठवायची, म्हणून तिचं नाव फिरकी. कितीजणींची तिने फिरकी घेतली असेल, मोजदाद नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली आणि खेळ संपला. तेव्हा कप्तानानेच सरांच्या नाकी नऊ आणून तिला देखभालीचं काम मिळवून दिलं होतं. पहिल्याच दिवशी हत्यारांची पेटी उघडत फिरकी म्हणाली होती, "तू पाय सांभाळ, मी चाकं सांभाळते." त्यानंतर कप्तानाने बोल्टाला बोट लावलं नव्हतं.

आता चाक हातात आलं. तिने एका बाजूचं बेअरिंग अंगठ्याने ढकलून बाहेर काढलं आणि आत बघितलं. मधली जागा रिकामी होती.

चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग बसतं आणि त्यांच्या मधे नखाएवढी धातूची नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. दोघांना अंतरावर ठेवणं एवढंच तिचं काम. ती नसली आणि वरून बोल्ट आवळला, की बेअरिंगं दाबली जातात. चाक फिरतं, पण कण्हत फिरतं. शाळेत असताना पहिल्या जोडीतला एक स्पेसर हरवला, तेव्हा दोघींनी अख्खी दुपार पलंगाखाली काढली होती.

विसरली असेल, कप्तान मनात म्हणाली. माणूस आहे. तिने दुसरं चाक उघडलं. त्यातही नळी नव्हती. तिसऱ्यातही नव्हती. चौथ्याच्या बोल्टात किल्ली घालून ती थोडा वेळ नुसतीच बसली. मग ते उघडलं.

डाव्या स्केटचं चाक तिने बोटाने फिरवलं. ते कितीतरी वेळ गुणगुणत फिरत राहिलं. आणि तिला आठवलं. दर आठवड्याला फिरकी तिच्या कानाशी चाक फिरवून दाखवायची. "ऐक, कसं गातंय. चाकात दोष नाही, कप्तान." कौतुकाने ऐकायची ती. दर वेळी डाव्या स्केटचंच चाक असायचं.

ती उठली आणि फिरकीची पेटी उघडली. वरच्या कप्प्यात किल्ल्या, चिंध्या, तेलाची कुपी. खाली खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. प्रत्येकीच्या सामानावर फिरकी कानशीने खूण करायची, कप्तानाची खूण दोन खाचांची. डब्यात दोन खाचांचे चार स्पेसर होते. वाजू नयेत म्हणून चिकटपट्टीत नीट गुंडाळलेले.

कप्तानाला आधी रागही आला नाही, लाज वाटली. सहा महिने तिने या पायाला शिव्या घातल्या होत्या. रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती, ते या चार नळ्यांपायी. मग राग आला. तिने चिकटपट्टी दातांनी टरकावली आणि चारही स्पेसर एकेक करून जागेवर बसवले.

पाच वाजता सरांनी वेळ घेतली. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ते हलवलं, पुन्हा पाहिलं.

"हे बिघडलंय की तू?"

"चाकं बिघडली होती, सर. केली नीट."

"बरं. ते पत्राचं काय? फिरकी म्हणत होती आज देणार आहेस."

म्हणजे तिकडेही पेरून ठेवलं होतं. "नाही, सर," ती म्हणाली. "द्यायचं काही नाही."

ती खोलीत परत आली, बाकावर बसून स्केट काढले, तेवढ्यात फिरकी आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस.

"दिलंस?" तिने जडशा तोंडाने विचारलं. आवाजात नेहमीची काळजी होती.

कप्तानाने दोन्ही स्केट बाकावर ठेवले. "चाक ऐकव ना जरा."

फिरकीचा हात सवयीने डाव्याकडे गेला.

"उजवं."

फिरकीने तिच्याकडे बघितलं. मग उजव्या स्केटच्या चाकाला बोट लावलं. चाक फिरलं आणि कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. ते थांबल्यावर फिरकी खाली, जमिनीवरच बसली.

"पहिला खरंच विसरले होते ग," ती म्हणाली. "शप्पथ. दुसऱ्या दिवशी घालणारच होते. तेवढ्यात तू येऊन म्हणालीस, आज पाय जड वाटतोय."

"मग?"

"मला बरं वाटलं."

बाहेर रिंकवर पोरींच्या स्टिक आपटत होत्या.

"मग दुसरा काढला," फिरकी म्हणाली. "उतरू तर दोघी एकदम, असं तूच म्हणाली होतीस. मी उतरले, तर तू म्हणालीस एकच सीझन. मग आणखी एक."

ते खरं होतं. कप्तानाला ते नाकारता येईना. पण ते तोंडावर म्हणता आलं असतं.

"मालीश तूच करायचीस," ती म्हणाली. "रोज. याच बाकावर. गुडघ्यावर हात ठेवून विचारायचीस, इथे दुखतं का."

फिरकीने तोंडातला कापूस काढून मुठीत दाबला.

"सगळ्यांची फिरकी घ्यायचीस. मला वाटायचं, मी तुझ्या बाजूची."

तिने हात पुढे केला. फिरकीला कळायला वेळ लागला. मग तिने जुडग्यातून साहित्याच्या कपाटाची किल्ली काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

"सरांना काय सांगणार आहेस?"

"आज तुझी दाढ काढलीय. घरी जा."

फिरकी दारापाशी जरा रेंगाळली, मग गेली. कप्तानाने पिशवीतलं पत्र काढून बाकावर पसरलं, बोल्ट घरंगळू नयेत म्हणून. डाव्या स्केटला काहीच झालेलं नव्हतं. तिने तो मांडीवर उलटा घेतला आणि एकेक चाक उघडून बघायला सुरुवात केली.