तुलनेतली जाऊ

विकासाचं संशोधन करणाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि शिलाई मशीन थोरल्या जावेला लागलं. धाकटी गेली ‘तुलनेच्या गटात’, म्हणजे काही न मिळता फुकट उत्तरं देणाऱ्यांत. मशीनवाल्या घरांची मिळकत इतरांपेक्षा जास्त वाढली, तर पुढच्या खेपेला धाकटीलाही मशीन मिळणार होतं. तिचा सगळा जीव त्यातच अडकला होता.

“तोवर दुपारी माझ्या मशीनवर शिव,” थोरली म्हणाली. “झिजतंय थोडंच?”

वर्षाने संशोधनवाले साहेब विचारपूस करायला आले. दोन्ही घरांची मिळकत सारखीच वाढलेली. गल्लीभर तीच तऱ्हा. साहेबांचं तोंड उतरलं.

“म्हणजे मशीन असो वा नसो, फरक शून्य. योजना बंद करावी लागणार.”

“अहो, मी हिच्याच मशीनवर शिवते ना!” धाकटी कळवळली.

“तिथंच घोळ झाला, ताई. आम्ही मुद्दाम जावा-जावा निवडल्या होत्या. एकमेकींच्या वस्तूला हात लावू देणार नाहीत, असं धरून चाललो होतो.”

साहेब गेल्यावर थोरलीने मशीनवर फडकं झाकलं.

“चुकलंच गं माझं,” ती म्हणाली. “चारचौघींसारखी तुझ्याशी भांडले असते, तर आज तुझ्या दारात मशीन असतं.”