रेघ नसलेला पत्ता

सहदेवनं पुठ्ठ्याचा खोका ज्वारीच्या कणगीत खाली ढकलला, वर रिकामं पोतं दाबलं आणि मागं वळून पाहिलं, तर दारात माय उभी.

"कणगीत काय लपोलं रे?"

"पत्ते आहेत मह्ये. हात नको लावजो."

"पत्ते? मुंबईले एवढं शिकून पत्ते खेळून राह्यला काय?"

अंबूबाई पदर तोंडाशी धरून हसली. सहदेवला हसू आलं नाही. गावी, जानेफळला येऊन त्याला दोन दिवस झाले होते.

पत्ते म्हणजे भोकं पाडलेली साडेसहाशे कार्डं. खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरला ती ओळीनं भरवायची, की तो गणित करतो. गणित आगीचं होतं. सूर्याच्या पोटात जळते तसली आग इथं चुंबकांच्या कोंडाळ्यात धरून ठेवायची आणि तिच्यावर वीज करायची, असं जगभरचे शहाणे म्हणत होते. ती आग धरली जाईल की निसटेल, हे आधी कागदावर पाहायचं, एवढंच सहदेवचं काम. पीएच.डी. झाल्यावर त्याला यासाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली होती. आग टिकली तर आणखी दोन वर्षं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

आग काही टिकेना. गणिताच्या चारशेव्या पावलाला आकडे उधळायचे, की खेळ खलास. शेवटी मार्चमध्ये त्यानं मधेच एक पत्ता घातला. तो पत्ता दर पावलाला आगीची थरथर थोडी दाबून टाकायचा. कुठल्याही नियमात तो बसत नव्हता. पण आकडे कसे गपगार झाले! नंतर कारण शोधू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्याच्या मार्गदर्शक सरांनी मात्र त्याच दिवशी सगळ्या विभागाला पेढे वाटले आणि शोधनिबंध छापायला पाठवला. मग काय सांगणार, कपाळ?

आता सोमवारी शिष्यवृत्ती देणारे दिल्लीचे पाहुणे येणार होते. ते पत्ते एकेक करून वाचणार होते. पत्ता ठेवला तर चोरी सापडते आणि काढला तर आग निसटते. सहदेवनं घाबरून चार दिवसांची रजा टाकली आणि खोका गाडीत मांडीवर घेऊन आला. तिथं ठेवला असता आणि कोणी उघडला असता तर? इथंही सायकलची घंटा वाजली की तो दाराआड होई. पोस्टमन तार घेऊन आला, असंच वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बापानं त्याला पारावर नेलं. पुंजाजीला कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालं होतं.

"मह्या पोरानं सूर्य कोंडला, सूर्य!" तो म्हणाला. "मुंबईचे सायब पेढे वाटून राह्यले."

"खरं काय बे, सहदेवा?" म्हाताऱ्या उकंडरावनं विचारलं.

सहदेव नुसता मान हलवत बसला. ऊन चढलं तेव्हा कसाबसा सुटून तो घरी आला.

खोका अंगणात पालथा पडला होता. सुतळी तुटलेली. ओट्यावर माय सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि सुपात पत्ते होते.

"कोणी काढला हा?" तो केवढ्यांदा ओरडला! शेजारची गोजरबाई कुडावरून डोकावली. "म्या सांगतलं होतं ना, हात लावू नको म्हणून! साडेसहाशे पत्ते आहेत, माय! आता कोणता कुठं होता, कोणाले कळणार?"

अंबूबाईनं सूप सोडलं नाही.

"दळणाले ज्वारी काढाची होती रे बापा. सुतळी तुटली अन् सांडले. पण म्या लावले ना. पाह्य तरी."

तिनं गठ्ठा उभा धरला. गठ्ठ्याच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपी लाल रेघ सरळ गेली होती. सांडले तर जुळवता यावेत म्हणून जानेवारीत त्यानंच ती मारली होती. प्रत्येक पत्त्याच्या कडेवर तिचा एक ठिपका. वीस वर्षं मेहकरच्या जिनात डागी कापूस वेगळा काढलेली बाई ती. ठिपक्याला ठिपका लावत सकाळपासून बसली होती. सहदेवनं पत्ते तपासले. चार ठिकाणी मागंपुढं झाले होते, तेवढेच.

त्याला आपल्या ओरडण्याची लाज वाटली. तो तिच्याजवळ टेकला. तेवढ्यात तिनं पदराखालून एक पत्ता काढून त्याच्या हातावर ठेवला.

"हा एकटा राह्यला. कुठंच बसत नाही. रेघ नाही याले. तुह्या गठ्ठ्यातला नसंल हा. चुलीत टाकू काय?"

अक्षर न वाचता येणाऱ्या त्याच्या मायनं साडेसहाशेतून नेमका तोच वेगळा काढला होता.

"मीच घातला तो, माय."

"मंग रेघ काऊन नाही मारली?"

सहदेवनं पत्ता उलटसुलट फिरवला. ती सुपातला कचरा झटकायला उठली.

लाल पेन्सिल खिशातच होती. त्यानं ती काढली. गव्हाएवढा ठिपका मारला असता तर पत्ता गठ्ठ्यात मुरून गेला असता. पेन्सिलचं टोक कडेला टेकलंसुद्धा. त्यानं पेन्सिल ओट्यावर ठेवून दिली.

मग त्यानं पत्ता त्याच्या जागी घातला, पण पुरता दाबला नाही. बोटभर वर ठेवला. गठ्ठा खोक्यात गेला, झाकण काही बसेना.

अंबूबाई नवी सुतळी घेऊन आली.

"अरे, तो वर आला ना. दाब त्याले."

"राहू दे, माय. सोमवारी सरांले पह्यले तोच दिसला पाह्यजे."

"काही झालं काय रे?"

"अजून नाही," सहदेव म्हणाला.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग झाकण बाजूला ठेवलं आणि तो पत्ता वाकणार नाही अशा बेतानं सुतळी बांधली.